शालनताईंचे चाळीस सेकंद

मंगळवारी सकाळी साडेदहाला हरेशभाईंनी शेडच्या दारात, उजेडात, एक जीन्स माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "मॅडम, ये एक पँट है या दो?"

मी बघितलं. पुढचे दोन्ही भाग छान गडद निळे. मागचे दोन्ही भागही निळेच, पण त्यात हिरवट झाक. कोणी पुढून बघितलं असतं तर वेगळी पँट आणि मागून बघितलं असतं तर वेगळी.

"अशा किती आहेत?" मी विचारलं.

"दोनशेमध्ये एकोणीस. आणि बाकीचा माल दुपारी जाणार."

दुपारी जाणार म्हणजे वॉशिंगला जाणार. जीन्स शिवून झाली की ती कोरी, ताठ आणि काळपट असते. दुकानात दिसतो तो रंग आणि मऊपणा धुण्याच्या कारखान्यातून येतो. पूर्वी उल्हासनगरात हे काम शेजारच्याच गल्लीत व्हायचं. सकाळी पाच पँटी दिल्या की संध्याकाळी कळायचं काय झालंय ते. आता माल टेम्पोने लांब पाठवावा लागतो आणि उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतात. सोळाशे पँटींची ऑर्डर होती. दोनशे आधी पाठवल्या होत्या, त्या आदल्या दिवशी परत आल्या. उरलेल्या चौदाशे शिवून, गठ्ठे बांधून आमच्या पाठीमागे उभ्या होत्या.

पुढच्या सोमवारी ब्रँडचा माणूस तपासणीला येणार होता. तो सगळा माल बघत नाही. मधूनमधून काही पीस उचलतो. त्यात अशा चार-पाच जरी लागल्या असत्या तरी अख्खी ऑर्डर नापास. आणि ऑर्डर नापास झाली तर ही शेड बंद होणार होती. हे हरेशभाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. "एक ऑर्डर बघतो, मॅडम. जमलं तर जमलं. नाही तर आपली गल्ली बरी." शेडमध्ये बत्तीस माणसं कामाला होती. गल्लीत जागा आठ जणांची.

आता माझा या सगळ्याशी काय संबंध ते सांगते.

मी इंडस्ट्रियल इंजिनिअर. म्हणजे मशीन बनवणारी नव्हे आणि दुरुस्त करणारीही नव्हे. काम कसं केलं जातं ते बघायचं, त्याला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यातलं फालतू काढून टाकायचं, हे आमचं काम. अंबरनाथच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मी हे एकतीस वर्षं केलं. कामगार आम्हाला 'टायमरवाले' म्हणायचे. आम्ही समोर नसलो की आणखी काही म्हणत असतील.

माझे वडील अंबरनाथच्याच बुवापाड्यातून कारखान्यात जायचे. माझे आजोबा गावी उन्हाकडे बघून उठायचे, वडील भोंग्यावर उठायचे. आमच्या घरात घड्याळ नव्हतं तेव्हाही पहिला भोंगा झाला की चहाचं आधण आणि दुसरा झाला की वडील दाराबाहेर. ते सांगायचे, "टायमरवाला मागे उभा राहिला की आम्ही मुद्दाम हात सावकाश चालवायचो. नाही तर उद्यापासून तेवढंच काम रोज मागतील." मला इंजिनिअर म्हणून नोकरी लागली तेव्हा त्यांनी पेढे वाटले. आणि रात्री जेवताना म्हणाले, "म्हणजे तू त्यांच्यात गेलीस." हसत म्हणाले. पण म्हणाले.

निवृत्तीनंतर मी बदलापूरला हेंद्रेपाड्यात घरी बसून दोन महिन्यांत कंटाळले. त्या सुमाराला ओळखीतून हरेशभाईंचा निरोप आला. त्यांचा जीन्सचा धंदा त्यांच्या वडिलांपासूनचा. उल्हासनगरात तीन वेगवेगळ्या गल्ल्यांत, घरांच्या तळमजल्यावर, कुठे दोन, कुठे चार मशिनं. ब्रँडने त्यांना सांगितलं होतं, माल आवडला, पण असा गल्लीत बनलेला आम्हाला चालत नाही. एका छताखाली कारखाना दाखवा, हजेरी दाखवा, पगाराच्या स्लिपा दाखवा, आग विझवायची नळकांडी दाखवा. म्हणून त्यांनी अंबरनाथला शेड घेतली. मशिनं आणली, माणसं आणली. पण काम गल्लीसारखंच चाललं होतं. मला त्यांनी ते 'कंपनीसारखं' करून द्यायला बोलावलं.

गल्लीतलं काम म्हणजे जोडीचं काम. दोन कारीगर समोरासमोर बसायचे आणि दोघं मिळून पूर्ण पँट शिवायचे. कापलेला गठ्ठा घ्यायचा, शिवायचा, देऊन दुसरा घ्यायचा. पीसवर मजुरी. चहा हवा तेव्हा. गावी जायचं असलं की मशीन बंद. मालक ओरडला तर शेजारच्या गल्लीत दुसरा मालक. या पद्धतीत माणसाला मोकळीक खूप, पण आज किती पँटी होतील हे देवालाही सांगता यायचं नाही.

मी लाइन लावली. लाइन म्हणजे पँट एका माणसाकडे बसत नाही, ती माणसांमधून पुढे सरकत जाते. एकाने फक्त खिसा लावायचा. दुसऱ्याने फक्त चेन. तिसऱ्याने बेल्टचे लूप. एका बाजूला पुढचे भाग तयार होतात, दुसऱ्या बाजूला मागचे, आणि शेडच्या मध्यावर दोन्ही एकत्र येऊन जोडले जातात. भिंतीवर फळा लावला, दर तासाला आकडा लिहायचा. पहिला आठवडा वाईट गेला. एक जुना कारीगर मला म्हणाला, "मॅडम, अठरा साल से पँट बनाता हूँ। अब घरी काय सांगू, खिसा बनाता हूँ?" मी त्याला काहीतरी गोड बोलून गप्प केलं. पण त्याचं बोलणं खोटं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात मात्र फळ्यावरचा आकडा दुप्पट झाला आणि हरेशभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फळा दाखवायला लागले. मीही खुशीत होते. घरी जरा जास्तच बोलत होते, असं माझी सून म्हणते.

तर, मंगळवार. दोन रंगांची पँट हातात घेऊन मी नेहमीच्या शिस्तीने चौकशी सुरू केली. हरेशभाईंनी वॉशिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, एकाच टाकीत, एकाच पाण्यात, एकदम धुतलंय. पाणी काय पँटीचा पुढचा भाग बघून वेगळं वागतं का? त्याचं बरोबर होतं.

मग मी कटिंग टेबलाकडे गेले. सलीम मास्टर आमचे कटर. कापडाचे तागे एकावर एक पसरायचे, वर नमुन्याचा कागद ठेवायचा आणि विजेच्या सुरीने एकदम साठ-सत्तर थर कापायचे, हे त्यांचं काम. पसरलेल्या कापडाला ते लेअर म्हणतात. मी विचारलं, "मास्टर, लेअरमध्ये काही गडबड?"

मास्टरांना राग आला. त्यांनी वही काढून माझ्यासमोर आपटली. कुठला तागा कुठल्या थराला, सगळं लिहिलेलं. "मॅडम, हर तागे का रंग थोडा अलग आता ही है। रंगाई का माल है। कोरा देखो तो सब एक जैसा, धुला तो फरक। ये तो बच्चा भी जानता है।" मग त्यांनी गठ्ठ्यातली एक कोरी पँट ओढली, उलटी केली आणि आतली बाजू उजेडात धरली. इकडून बघितली, तिकडून बघितली.

"नंबर किधर है? मैं समझा, अब लाइन में लगता होगा," ते म्हणाले.

कुठला नंबर ते मला माहीत होतं.

इथे शालनताई येतात. शालनताई बुवापाड्याच्या, वयाने माझ्याएवढ्याच. शेडमध्ये सगळे त्यांना मावशी म्हणतात. गल्लीपासून त्या हरेशभाईंकडे होत्या. मी पहिल्यांदा शेडमध्ये आले तेव्हा त्या कटिंगच्या शेजारी एका छोट्या टेबलावर एकट्या बसलेल्या असायच्या आणि कापलेल्या प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला खडूने एक आकडा लिहायच्या. मराठी आकडे, शाळेतल्या पाटीवर काढावेत तसे गोल. पहिल्या थराच्या सगळ्या तुकड्यांवर एक, दुसऱ्या थराच्या सगळ्यांवर दोन. मी घड्याळ लावून दोन दिवस बघितलं. एका तुकड्याला चार सेकंद. एका पँटीचे मोठे तुकडे दहा. म्हणजे पँटीमागे चाळीस सेकंद. सोळाशे पँटींना दोन दिवसांहून जास्त. आणि पँट धुतली की खडू निघून जायचा.

आमच्या विद्येत एक प्रश्न असतो: या कामामुळे गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या वस्तूत काही फरक पडतो का? नसेल पडत तर ते काम काढा. खडूच्या आकड्याने पँटीत काय फरक पडणार? मी ते काम बंद केलं आणि शालनताईंना धागा कटिंगला बसवलं. शिवलेल्या पँटीवर लोंबणारे दोरे कापायचं काम. तिथे माल तुंबत होता, बायका कमी पडत होत्या. एका दगडात दोन पक्षी, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलंसुद्धा.

तो आकडा थराचा होता हे मला कळलं नव्हतं. एका थराचे सगळे तुकडे एकाच ताग्याचे, म्हणून एकाच रंगाचे. शिवणाऱ्याने पुढचा सात नंबर आणि मागचा सात नंबर बघून जोडायचे. पंपाच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं उलटाच धडा गिरवला होता. कुठलाही नट कुठल्याही बोल्टला बसला पाहिजे. सगळी कारखानदारी या एका वाक्यावर उभी आहे. नट कुणाचा, बोल्ट कुणाचा हे विचारायची गरज पडली तर तो कारखानाच नव्हे. मी पँटींनाही तोच नियम लावला. गल्लीत प्रत्येक जोडीला आपला वेगळा गठ्ठा मिळायचा, तो त्यांच्याच पायाशी असायचा, त्यामुळे तिथे नंबर नसता तरी बहुतेक निभावलं असतं. माझ्या लाइनमध्ये पुढचे भाग एका बाजूने येणार, मागचे दुसऱ्या बाजूने. मध्येच एखादा तुकडा आल्टरला, म्हणजे दुरुस्तीला, बाहेर काढला की त्याच्यामागचे सगळे एकेक घर पुढे सरकणार. म्हणजे नंबर खरा लागणार होता तो माझ्याच पद्धतीला, आणि मीच तो काढला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मी शालनताईंकडे गेले. त्या तीन बायकांबरोबर बसून दोरे कापत होत्या.

"शालनताई, नंबर नसला तर रंग चुकेल, हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की."

"मग मला सांगितलं का नाही?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. "सांगाया आलते मॅडम. तुमी घड्याळात बघत हुता. म्हनलात, दहा मिन्टांनी या. दहा मिन्टांनी आले तर तुमी सेठसंगं मीटिंगला."

"दुसऱ्या दिवशी यायचं."

"दुसऱ्या दिवशी वाटलं, तुमाला ठावं असंल. कंपनीत काय तरी मशीन असंल त्येचं. येवढी शिकल्याली माणसं, मी काय सांगू?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

मी हरेशभाईंच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "चूक वॉशिंगची नाही, मास्टरांची नाही. माझी आहे. नंबर लावणं मी बंद केलं."

त्यांनी हातातला फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, एक बात बोलू? गल्लीत असं कधी नाही झालं."

"माहीत आहे."

"मग आता?"

आता काय करायचं हेच मला सुचत नव्हतं. धुवून आलेल्या एकोणीस गेल्याच होत्या. त्यांचे भाग उसवून अदलाबदल करता येत नाही, कारण एकदा धुतलं की प्रत्येक तुकडा आपापल्या परीने फिका होतो. चौदाशे अजून कोऱ्या होत्या, त्या वाचवता येत होत्या. पण कोऱ्या कापडात रंगातला फरक दिसत नाही. फरक दिसायला धुवायला हवं, आणि धुतलं की दुरुस्त करता येत नाही. मी केबिनच्या बाहेर येऊन गठ्ठ्यांवर हात ठेवून उभी राहिले. खरं सांगते, मला रडू येत होतं. बत्तीस माणसं कामाला लागली होती आणि त्यातल्या चोवीस जणांना मी माझ्या हुशारीने घरी पाठवणार होते.

शालनताई पाणी प्यायला उठल्या होत्या. पिंपाशी थांबून म्हणाल्या, "आख्खी धुवायची कशाला? टिपका लावून बघा की."

"कसला टिपका?"

"ब्लीचचा. वॉशिंगमधी हुते मी चार वर्सं, सेठकडं यायच्या आधी. माल आला की काडीनं टिपका लावून बघायचे. कापड कुठल्या जातीचं ते लगेच कळायचं."

आतून, बाजूच्या शिलाईजवळ, पुढच्या आणि मागच्या कापडाच्या कडा शेजारी शेजारी येतात. दोन्हींवर एकेक टिपका लावला तर बाहेरून दिसणार नाही. मी लगेच संडासाच्या कपाटातली ब्लीचची बाटली आणली. काडीला कापूस गुंडाळला, टिपके लावले. आम्ही चौघं वाकून बघत राहिलो. मी, हरेशभाई, सलीम मास्टर, शालनताई. पाच मिनिटं झाली. काही नाही. दहा मिनिटं झाली. दोन्ही टिपके ओले आणि काळे.

हरेशभाईंनी फोन काढला आणि माल तसाच पाठवून द्यायचा म्हणून ते टेम्पोवाल्याचा नंबर शोधायला लागले. माझ्यातली आशा संपली होती.

शालनताईंनी बाटलीचा वास घेतला. "ह्ये मेलंय. झाकन उघडं ठिवलं हुतं कुनी तरी."

हरेशभाईंनी फोन लावला, पण टेम्पोवाल्याला नाही. उल्हासनगरात त्यांच्या मावसभावाचं केमिकलचं दुकान आहे. फोनवर सिंधीत काहीतरी भराभर बोलणं झालं. तासाभरात एक माणूस ताज्या ब्लीचचे दोन कॅन स्कूटरवर घेऊन आला. झाकण उघडताच सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. नवा टिपका लावला. तीन मिनिटांत एका कडेचा टिपका राखाडी झाला आणि शेजारच्या कडेचा पिवळट.

"दिसलं?" शालनताई म्हणाल्या.

दिसलं. लहान पोरालाही दिसलं असतं. मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली, पण तिच्या हातात ब्लीच होतं.

इथून पुढे मात्र माझं काम होतं आणि ते मला येत होतं. चौदाशे पँटी, प्रत्येकीला चार टिपके. टेम्पो पुढे ढकलला, तरी वेळ गुरुवार दुपारपर्यंतच. मी लाइन थांबवली आणि पँट उलटी करणारे, टिपका लावणारे, तीन मिनिटांनी बघणारे, ओल्या फडक्याने पुसणारे आणि गठ्ठे वेगळे करणारे अशी नवी लाइन लावली. पहिल्या तासात सगळं एका जागी तुंबलं. बघायला आठ माणसं बसवली होती आणि आठ जणांची आठ मतं होती. ट्यूबलाइटखाली राखाडीही पिवळट दिसत होता. शालनताई म्हणाल्या, भायेर चला, सावलीत. मी बघणाऱ्यांचं टेबल शेडच्या उत्तरेच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत नेलं आणि बघायला दोघांनाच ठेवलं, शालनताई आणि सलीम मास्टर. त्यांनी मान हलवली की डावीकडे, नाही हलवली की उजवीकडे. बाकी सगळ्यांना त्या दोघांच्या हातात पँट वेळेवर पोचवायला लावलं. मग काम धावायला लागलं. मी पुन्हा घड्याळ बाहेर काढलं, पण या वेळी ते त्या दोघांवर लावलं नाही.

बुधवारी दुपारी चार वाजता शेवटची पँट बघून झाली. एकशे एकतीस चुकीच्या निघाल्या.

त्या उसवून, रंग जुळवून परत शिवायच्या होत्या. मी सवयीने लाइनवर टाकायला निघाले. खिसेवाला कारीगर, तोच अठरा वर्षांवाला, मला म्हणाला, "मॅडम, ये लाइन का काम नहीं है।" आणि ते खरं होतं. प्रत्येक पँटीचं दुखणं वेगळं. कुणाचा एक पाय बदलायचा, कुणाची मागची बाजू, कुणाला सलीम मास्टरांनी राखून ठेवलेल्या तुकड्यातून नवा भाग कापायचा. लाइनला सगळं सारखं लागतं. मी बाजूला झाले. मशिनं ओढून समोरासमोर लावली गेली आणि चार जोड्या बसल्या. गल्लीत बसायच्या तशाच. चहा हवा तेव्हा मागवला गेला. मोबाइलवर गाणी लागली. मी फळ्यावरचा त्या दिवसाचा तासाचा रकाना रिकामा ठेवला. गुरुवारी सकाळी अकराच्या आत एकशे एकतीस पँटी परत शिवून झाल्या होत्या. त्या कारीगराने शेवटची पँट झटकून माझ्यापुढे टाकली.

दुपारी टेम्पो गेला. रविवारी माल धुवून परत आला. मी बदलापूरहून शेडमध्ये गेले आणि स्वतःच्या हाताने दोनशे पँटी उजेडात उघडून बघितल्या. सगळ्या एका रंगाच्या. सोमवारी ब्रँडचा माणूस आला, त्याने ऐंशी पीस निवडले, दोन तास बघितले. एका पँटीचं बटण सैल आहे म्हणाला आणि कागदावर पास लिहून सही केली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला साठी उलटल्यावर कळलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पाच मिनिटं नुसती उभी राहिले. बाहेर आले तर हरेशभाई सगळ्यांना समोसे वाटत होते आणि पुढच्या ऑर्डरीचं बोलत होते. शेड राहिली.

एकोणीस कमी पडल्या होत्या, त्या सलीम मास्टरांनी उरलेल्या कापडातून भरून काढल्या. आणि त्या दोन रंगांच्या एकोणीस? त्या हरेशभाईंनी उल्हासनगरच्या बाजारात एका दुकानदाराला 'डबल कलर, नई फॅशन' म्हणून दिल्या. दुकानदाराने आठवड्याने आणखी मागितल्या. हरेशभाईंनी मला विचारलं, "मॅडम, जानबूझके बनवता येईल का?" मी वही उचलली आणि लाइनकडे गेले.

तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी, मी शालनताईंकडे गेले होते. म्हटलं, "तुमची माफी मागते. उद्यापासून नंबरचं टेबल परत सुरू. तुम्ही तुमच्या जागेवर बसा."

त्यांनी मान हलवली. "न्हाई मॅडम."

मला वाटलं, रागावल्या. त्यांचा हक्कच होता.

"राग न्हाई," त्या म्हणाल्या. "तिकडं मी येकलीच असते भिताडाकडं तोंड करून. इकडं ह्या बाया हाइत. दोन गोष्टी हुतात, दिस जातो. नंबर मी लावते की. पन टेबल इकडं आना."

आता टेबल कटिंगच्या शेजारी असणं हे शास्त्राला धरून आहे. कापलं, नंबर लावला, पुढे गेलं. धागा कटिंग शेडच्या दुसऱ्या टोकाला. टेबल तिकडे नेलं तर प्रत्येक गठ्ठा शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. पंपाच्या कंपनीत असा नकाशा कोणी माझ्यासमोर ठेवला असता तर मी त्याला खुर्चीवरून उठवलं असतं.

मी टेबल तिकडे नेलं.

या प्रकरणातून मी जे शिकले ते दोन ओळींचं आहे. कुठल्या कामाला किती वेळ जातो ते घड्याळ सांगतं. तो वेळ का जातो ते करणाऱ्याला विचारावं लागतं, आणि विचारलं की उत्तर येईपर्यंत तिथेच उभं राहावं लागतं. आता कुठलंही काम काढायच्या आधी मी ते करणाऱ्या माणसाला एकच विचारते, "हे उद्यापासून केलं नाही तर काय होईल?" दहातले सात जण म्हणतात, काही नाही होणार. ती कामं मी काढते. उरलेले तिघं जरा थांबतात, आणि मग बोलायला लागतात. त्यांच्यासमोर मी खुर्ची ओढून बसते.

शेडमध्ये आमचा कारखाना बघायला लोक येतात. त्यातला कोणी ना कोणी हुशार मला विचारतोच, की मॅडम, बाकी सगळं झकास, पण ते नंबरचं टेबल चुकीच्या टोकाला कसं? गठ्ठे उगाच फिरताहेत. मी म्हणते, हो, फिरताहेत. मी मोजलंय. गठ्ठ्यामागे एक मिनिट दहा सेकंद. राहू दे.